नाशिकचे चार दिवस आणि युरोपचा एक प्रश्न

फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस नाशिकला मावसभावाकडे जाऊन आले. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता, आणि दादा दोन वर्षं बोलावत होता. दुसरं कारण कॉलेजचं. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. मार्चमध्ये मुलांसमोर बोलायला मीच विषय निवडला होता: युरोपीय संघातल्या २७ देशांनी आणखी पुढं जाऊन एकच संघराज्य व्हावं का? वाचन झालं होतं, टिपणं तयार होती, मत मात्र तयार होत नव्हतं. दादाचा मुलगा दोन वर्षं हॉलंडमध्ये शेतीशास्त्र शिकून नुकताच परतला होता, तेव्हा त्याच्याशी बोलून घ्यावं असं मनात होतं. प्रत्यक्षात या विषयावर मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते कांदेवाल्यांनी आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी वाढणाऱ्या एका आजींनी.

पहिला दिवस: मोहाडी

रात्रीच्या बसनं पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात उतरले. भाचा गाडी घेऊन आला होता. थंडी चांगलीच होती. फेब्रुवारी संपत आला म्हणून स्वेटर घरी ठेवून येऊ नका, सकाळी आठपर्यंत तो लागतोच. दुपारी मात्र ऊन चटका देतं.

बागेत पोचलो तेव्हा तोडणी सुरू झाली होती. ऊन तापायच्या आत माल उतरवायचा असतो. मांडवाखाली वाकून शिरलं की डोक्यावर घडच घड. हात लावायचा मोह होतो, तो आवरा. मण्यांवरचा पांढुरका थर बोट लागलं की पुसला जातो, आणि तो घड मग निर्यातीत चालत नाही.

तिथून पॅकहाऊसला गेलो. दारातच हात धुवायचे, डोक्याला टोपी, बांगड्या आणि टिकलीसुद्धा काढून ठेवायची. लांबच लांब टेबलांवर पेठ आणि सुरगाण्याकडच्या बायका कात्रीनं एकेक खराब मणी काढत होत्या. घड उचलायचा तो देठाला धरून. अर्ध्या अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे छोटे डबे, भरायचे, ते पेटीत, वर बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद, मग प्रीकूलिंग आणि शेवटी शून्य अंशाच्या आसपासची थंड खोली. तिथून न्हावाशेवा आणि मग समुद्र. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि वाट दोनेक आठवड्यांनी लांबली. द्राक्षाच्या हिरव्या देठाला हे दोन आठवडे फार जड जातात.

दादा फारसा बोलणारा नाही. पण रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशांचा, विषय निघाला की तो थांबत नाही. “तुझी ती पुस्तकं राहू दे,” तो म्हणाला, “युरोप म्हणजे काय ते मला विचार.” २००८ पर्यंत फवारणीच्या औषधांचे अंश फळात किती चालतील याच्या मर्यादा तिकडं देशागणिक वेगळ्या असायच्या. जर्मनीला चालणारा माल हॉलंडला चालेलच असं नव्हतं. सप्टेंबर २००८ पासून सगळ्या संघाला एकच तक्ता लागू झाला. “त्या दिवशी आम्हाला एक देश मिळाला,” दादा म्हणाला.

मग २०१० आलं. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अंश तिकडच्या तपासणीत सापडले. इकडं तपासायच्या यादीत ते रसायन नव्हतंच. नाशिकच्या माणसाला ते वर्ष अजून नावानं आठवतं. दादाचा माल असलेला कंटेनरही अडकला होता. वहिनी चहा देता देता एवढंच म्हणाल्या, “त्या वर्षी माझ्या पाटल्या गेल्या.” एकच तक्ता असला की सगळे दरवाजे एकदम उघडतात आणि एकदम बंदही होतात, हे मी टिपणात लिहून घेतलं.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडलं आणि २०२१ पासून तिथला तक्ता वेगळा झाला. एका देशाच्या सार्वमताचा परिणाम मोहाडीतल्या टेबलावर दिसतो: रिपोर्ट आला की आता दोन याद्यांशी ताडून बघायचा.

रात्री काळ्या मसाल्याचं पातोडीचं कालवण आणि बाजरीची भाकरी. जेवण झाल्यावर ओसरीवर भाच्यानं विषय काढला. तो संघराज्याच्या बाजूचा, आणि अगदी मनापासून. “आत्या, ते अर्धे संघराज्य झालेलेच आहेत. व्यापार एक, न्यायालय एक, बऱ्याच देशांचं चलन एक. अडलंय कुठं, तर तिजोरी आणि सैन्यापाशी.” १९५० साली फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमाँ यांनी कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळायची कल्पना मांडली तेव्हा युरोपच्या संघराज्याकडचं पहिलं पाऊल असंच तिला म्हटलं होतं. पण १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराच्या मसुद्यात तोच शब्द आला तेव्हा ब्रिटननं हरकत घेतली आणि तो काढावा लागला. भाचा मास्ट्रिख्टला जाऊन आला होता. “लहानसं, नदीकाठचं गाव आहे,” तो म्हणाला, “आपल्या पंचवटीसारखं गजबजलेलं नाही. पण तिथं उभं राहिल्यावर वाटलं, एका शब्दावर अडून बसले हे लोक.”

मला तसं वाटलं नाही. शब्दावर अडतात ते शब्दाच्या मागं काय येणार हे ओळखून. पण तेव्हा मला ते नीट मांडता आलं नाही.

दुसरा दिवस: चांदवड आणि लासलगाव

सकाळी मखमलाबाद रस्त्याला एका मळ्यात मिसळ खाल्ली. काळा रस्सा, वर पापड, बाजूला दही. रविवारी जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, नंतर तासभर उभं राहावं लागतं. रस्सा वेगळा मागून घ्या, चव आणि तिखट दोन्ही आपल्या हातात राहतं.

आग्रा रस्त्यानं चांदवडला सव्वा तास लागला. अहिल्याबाई होळकरांच्या काळातला तिथला रंगमहाल मला बघायचा होता. आत सोडतात की नाही हे आधी चौकशी करून जा. आम्हाला थोडा भाग बघता आला. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं, आणि चौकात दुपारची अशी शांतता की आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच ऐकू यावा.

तिथल्या ओट्यावर बसून मी भाच्याला खर्ड्याची गोष्ट सांगितली. १७९५ साली निजामाविरुद्ध पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र उतरले आणि जिंकले. ती शेवटची एकी. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते एकटे पडले. प्रत्येकाजवळ फौज होती, शौर्य होतं. नव्हती ती सगळ्यांना बांधणारी एक तिजोरी आणि एक हुकूम. आपल्या माणसांना हे राज्यमंडळ म्हणजे काय ते समजवायला परदेशातले दाखले लागतच नाहीत.

भाचा एकदम सरसावून बसला. “हेच तर युरोपचं दुखणं आहे, आत्या!” परराष्ट्र धोरण आणि कर या बाबतींत आजही तिथं एकमत लागतं. २६ देश एका बाजूला आणि एक देश दुसऱ्या बाजूला असला तरी निर्णय अडतो. सामाईक सैन्याची योजना तर फ्रान्सनंच मांडली होती, आणि १९५४ च्या ऑगस्टमध्ये ती फ्रान्सच्याच संसदेत पडली. चांदवडच्या त्या ओट्यावर मी पूर्णपणे त्याच्या बाजूची झाले होते. युरोपचं संघराज्य व्हायलाच हवं, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी लासलगाव. वहिनींचे भाऊ बाजार समितीच्या आवारात भेटले. ट्रॅक्टरांच्या रांगा, लाल कांद्याचे ढीग, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जाणारा लिलावाचा घोळका आणि बोलीचा तो वेग. लिलाव बघायचा असेल तर सकाळच्या सत्रात या आणि ट्रॅक्टरांच्या मधल्या वाटेत उभे राहू नका. मी दोनदा ओरडा खाल्ला.

भाऊंनी घरी नेलं. कांदा साठवायच्या रिकाम्या चाळीच्या सावलीत खाटा टाकल्या, गुळाचा चहा आला. माझा विषय ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, मला इतिहास नाही येत. पण ८ डिसेंबर २०२३ मला पाठ आहे.” त्या दिवशी कांद्याची निर्यातबंदी लागली. आधी मार्चअखेरपर्यंत म्हणून सांगितली, मग वाढवली, आणि उठली ती ४ मे २०२४ ला. भाऊंनी त्या हंगामात मुलीच्या शिक्षणासाठी धरलेला कांदा मिळेल त्या भावानं काढला. “शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा, हे मला पटतं. पण त्याची किंमत माझ्या एकट्याच्या चाळीतून का? आणि हे ठरलं तेव्हा आमच्या बाजूनं तिथं बोललं कोण?” आणि मग, माझ्याकडं रोखून बघत: “तुमच्या त्या युरोपात हॉलंडच्या शेतकऱ्याचा कांदा असा एका रात्रीत अडवता येतो का?”

भाच्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं. व्यापाराचं धोरण तिथंही पूर्णपणे संघाकडं आहे, हॉलंड एकटा काही ठरवू शकत नाही. पण संघाच्या मंत्रिपरिषदेत हॉलंडचा मंत्री बसतो. व्यापाराचा निर्णय व्हायला साधारणपणे २७ पैकी १५ देश लागतात आणि त्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. संसदेतही जर्मनीला ९६ जागा असल्या तरी एवढ्याशा माल्टाला ६ आहेतच, लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त. आपल्याकडं निर्यातबंदीचा हुकूम केंद्र सरकार काढतं, त्यावर महाराष्ट्राचं मत घेतलं जात नाही.

“मग त्यांना सांगा,” भाऊ म्हणाले, “खुर्ची सोडू नका म्हणावं.”

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोललं नाही. सकाळी चांदवडला ठरवून टाकलेलं मत संध्याकाळी लासलगावात राहिलं नव्हतं.

तिसरा दिवस: सुरगाणा

दिंडोरी, वणी करत सुरगाण्याकडं निघालो. सप्तशृंगीला वर गेलो नाही, खालूनच हात जोडले. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. पुढं घाटात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या दिसतात. भाव करत बसू नका, पहाटे उठून तोडलेला माल असतो.

सुरगाणा हे इंग्रजांच्या काळातलं छोटं संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. पलीकडं डांग आणि वलसाड, म्हणजे गुजरात. नार आणि पार या नद्या याच डोंगरांतून निघतात आणि पश्चिमेला उतरून जातात. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतो, आणि उन्हाळ्यात बायका हंड्यांसाठी मैलभर चालतात.

दुपारी एका पाड्यावर दादाच्या बागेत कामाला येणाऱ्या एका बाईंच्या घरी जेवलो. त्यांच्या सासूबाईंनी चुलीवर नागलीच्या भाकरी थापल्या, सोबत उडदाचं भुजं. नागलीची भाकरी गरम असतानाच खावी, गार झाली की घशाशी अडते. आजींनी मला तीन वाढल्या आणि “शहरातली माणसं खातच नाहीत” म्हणून चौथी आणली.

२०२२ च्या अखेरीस या तालुक्यातल्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये घ्या’ असं निवेदन दिलं होतं. मी घरातल्या आजोबांना त्याबद्दल विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, आम्हाला मराठी सोडायची नव्हती. रस्ता पाहिजे होता. बाळंतीण अडली की आम्ही गुजरातेत वांसद्याकडं पळतो, ते जवळ पडतं.” आणि आजी भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, “राजा होता तवा बी इथं कुनी इचारलं नाही, आन् मंग बी नाही.”

हे ऐकून मी हललेच. संस्थान विलीन झालं ते राजाच्या सहीनं. युरोपात २००५ साली लोकांना विचारलं तेव्हा काय झालं? संघाच्या संविधानाचा करार फ्रान्सनं २९ मे रोजी आणि तीनच दिवसांनी हॉलंडनं सार्वमतात फेटाळला. मग त्यातला बराचसा भाग लिस्बन करारात आला, तो २००९ च्या डिसेंबरपासून लागू झाला, आणि त्या वेळी या दोन देशांनी पुन्हा सार्वमत घेतलं नाही. संघराज्याच्या बाजूच्या माणसांनी ही गोष्ट हलक्यानं घेऊ नये. दारातून नाकारलेली वस्तू खिडकीतून आत आली असं ज्याला वाटतं, तो ते विसरत नाही.

परतताना दादानं पैशाचा मुद्दा काढला. ग्रीसचं काय झालं, त्यानं विचारलं. चलन एक, पण तिजोरी सोळा ठिकाणी. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा चलनाचं मोल कमी करायची सोय त्याच्याकडं राहिली नव्हती, आणि आपोआप मदत पाठवणारी मोठी तिजोरीही नव्हती. मदत मिळाली ती कर्ज म्हणून आणि कडक अटींवर, पेन्शनी कापून. संघाचं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण एक टक्का असतं, भारतात एकट्या केंद्राचा खर्च जीडीपीच्या १५ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांना वाटायच्या करांत बिहारला १० टक्क्यांहून थोडं जास्त आणि महाराष्ट्राला साडेसहा टक्क्यांच्याही आत दिलं. त्याची तक्रार महाराष्ट्रात होतेच. पण त्या तक्रारीपायी कुणी बिहारशी कर्जाचे करार करत बसत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहारची पोरं राबतात, आणि ती परकी नाहीत. एवढा साधा आपलेपणा जर्मन माणसाला ग्रीक माणसाबद्दल वाटतो का, हा खरा प्रश्न. २०२० मध्ये कोविडच्या वेळी संघानं ७५० अब्ज युरोचा निधी उभारायचं ठरवलं, तोही सामाईक कर्ज काढून. म्हणजे गरज पडली की तो आपलेपणा थोडा थोडा तयार होतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्या आधी केली. १ जानेवारी १९९३ ला त्यांच्या बारा वेगळ्या देशांमधली मालाची सरहद्दीवरची तपासणी बंद झाली. आपला देश एक, पण राज्यांच्या सीमांवर विक्रीकराच्या नाक्यांपुढं ट्रक उभे असायचे ते जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत. दादानं द्राक्षं घेऊन त्या रांगांत रात्री काढल्या आहेत.

चौथा दिवस: पंचवटी

शेवटचा दिवस गोदाघाटावर. सकाळी लवकर गेलात तर रामकुंडावर गर्दी कमी असते. दुतोंड्या मारुतीपर्यंत चालत जा. पाणी त्याच्या कुठवर आलं यावर नाशिककर पूर मोजतात. नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा घाटावरून दिसते, वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आणलेली. भाचा तिच्याखाली उभा राहून फोटो काढत होता आणि मी काळारामाकडं निघाले.

काळाराम मंदिराच्या त्या काळ्या दगडी भिंतीपाशी मी बराच वेळ थांबले. २ मार्च १९३० ला इथं सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो माणसं आली होती, आणि दरवाजे बंद होते. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

हेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडायला उभे राहिले. भारत हा ‘राज्यांचा संघ’ का, हे त्यांनी तिथं सांगितलं: हे संघराज्य घटक राज्यांनी आपसांत करार करून झालेलं नाही, आणि म्हणून कुणालाही त्यातून फुटून निघता येणार नाही. माझ्या टिपणांत हे होतं, मुलांना मी दर वर्षी शिकवते. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट म्हटली होती: मसुद्यानं खेडं हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला याचं त्यांना समाधान होतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण त्या दरवाजासमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं. ज्याला स्वतःच्या गावानं दाराबाहेर ठेवलं, त्याला गावापेक्षा मोठा कायदा लागतो.

भाऊंच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला इथं सापडली. दूरचं सरकार कांदा अडवतं हे खरं, पण जवळचा माणूस देवळाचं दार अडवतो. युरोपातही हे आहे. १९६३ साली एका डच मालवाहतूक कंपनीच्या खटल्यात तिथल्या न्यायालयानं ठरवलं की संघाचा कायदा थेट नागरिकाला हक्क देतो, तो आपल्याच सरकारविरुद्ध त्यावर उभा राहू शकतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायद्याच्या राज्याच्या मुद्द्यावर संघानं हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी भाच्याला माझं मत सांगितलं. युरोपनं संघराज्य व्हावं. तिजोरी आणि संरक्षण एकत्र करावं, कारण चांदवडचा ओटा मी विसरू शकत नाही. पण लहान देशांची मंत्रिपरिषदेतली खुर्ची त्यांनी काढून घेऊ नये, कारण भाऊंची चाळ मी बघितली आहे. आणि हे २७ पंतप्रधानांच्या सह्यांवर उरकू नये. प्रत्येक देशात लोकांना विचारावं, एखाद्या देशानं नको म्हटलं तर त्याला सोडून बाकीच्यांनी पुढं जावं, पण त्याला फसवून आत ओढू नये. भाचा म्हणाला, “आत्या, याला पन्नास वर्षं लागतील.” लागू देत. शुमाँच्या त्या निवेदनाला पंचाहत्तर होऊन गेलीच की.

संध्याकाळी वहिनींनी पिशवीत चिवडा आणि द्राक्षं भरून दिली. द्राक्षं बसमध्ये न्यायची असतील तर पिशवी मांडीवरच ठेवा, वरच्या फळीवर ठेवलीत तर सकाळपर्यंत सरबत होतं.

सिन्नरच्या पुढं दादाचा फोन आला. त्या प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट लागला होता, पास. भाऊंचा नंबर मी त्याच्याकडूनच घेतला, कारण मुलांसमोर बोलताना ८ डिसेंबरची गोष्ट मी सांगण्यापेक्षा त्यांनीच फोनवरून सांगावी असं मला वाटत होतं. ते हो म्हणालेत. सकाळी अकराच्या आत ठेवा म्हणाले, नंतर लिलाव असतो.